गार, गारठलेले, थिजलेले : वेरूळ परिसरातील डिझेल इंजिने व त्यांच्या प्रारंभाचा इतिहास

यंत्रांचे इतिहास बहुधा शोधकर्त्याच्या नावाने सुरू होतात आणि कारखान्याच्या उत्पादनापाशी संपतात. यंत्र सकाळी चालू कोण करीत असे, कसे करीत असे व त्यास किती वेळ आणि किती बळ लागे, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारलेला आढळतो. डिझेल इंजिनाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी इंधन पेटविते; डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात कोंडलेली हवा एकाएकी दाबली म्हणजे ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाची फवारणी झाली म्हणजे ते आपोआप पेट घेते. ही उष्णता जेथे अपुरी पडते तेथे इंजिन कितीही बलवान असो, ते निव्वळ लोखंडाचा ढीग होय. म्हणून हिवाळ्याच्या पहाटे इंजिन चालू करणे हा डिझेलच्या इतिहासातील किरकोळ प्रसंग नसून त्याची खरी कसोटी आहे.

या कसोटीचा विचार सामान्यतः रशिया, कॅनडा, लडाख अशा अतिशीत प्रदेशांच्या संदर्भात केला जातो, व ते स्वाभाविकही आहे. परंतु वेरूळसारख्या सौम्य हिवाळ्याच्या गावीही हा प्रश्न होताच. मात्र त्याचे स्वरूप निराळे होते. त्या निराळेपणाची जाणीव यंत्रविद्येच्या पुस्तकांपेक्षा मराठी बोलीत अधिक स्पष्ट उमटलेली आहे. यंत्र ‘गार’ असते, तेल व माणूस ‘गारठतो’, तूप ‘थिजते’. शिक्षितांच्या भाषेत या तिन्ही अवस्थांना ‘थंडीमुळे गाडी सुरू न होणे’ असे एकच नाव मिळते, आणि त्यामुळे कारणांची व उपायांची सरमिसळ होते. प्रस्तुत विवेचनाचा रोख ही सरमिसळ सोडविण्याकडे आहे.

वेरूळ हे कैलास लेण्यासाठी व घृष्णेश्वराच्या मंदिरासाठी जगास ठाऊक आहे. शेती आणि रस्ता या दृष्टींनी त्याचे वर्णन करावयाचे तर ते छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर, बेसाल्टच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले विहीरबागायतीचे गाव आहे, आणि सोलापूर–धुळे हमरस्त्याचा जुना मार्ग दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड असा जाऊन पुढे औट्रम घाटाने खानदेशात उतरतो. डिसेंबर-जानेवारीत येथील किमान तापमान सरासरीने १० ते १२ अंशांच्या आसपास राहते. थंडीची लाट आली म्हणजे ते बरेच खाली जाते, पण पाणी गोठण्याइतके नाही. विहिरीवरचे इंजिन आणि रस्त्यावरचा ट्रक ही दोन यंत्रे या गावाने पाहिली, व दोहोंची पहाट वेगवेगळी होती.

प्रथम ‘गार’ या शब्दाचा विचार करू. रुडॉल्फ डीझेल याने आपल्या इंजिनाचे जर्मन पेटंट १८९२ मध्ये मागितले व १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे यशस्वी इंजिन विद्वानांच्या परीक्षेस उतरले. परंतु शेतावर जे ‘ऑइल इंजिन’ आधी पोचले ते डीझेलचे नव्हते. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज यंत्रज्ञाच्या १८९० च्या पेटंटावर आधारलेली इंजिने ग्रँथॅमच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९२ च्या सुमारास बनविण्यास आरंभ केला. त्यांत हवेचा दाब माफक असे. इंधन पेटावे म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी असलेला लोखंडी फुगा दिव्याच्या ज्योतीने बाहेरून तापवावा लागे. हे काम काही मिनिटे चाले, व फुगा पुरेसा तापल्याखेरीज चाक फिरवून उपयोग नसे. इंजिन चालू झाले की फुगा स्वतःच्या ज्वलनाने तापलेला राही आणि दिवा विझविता येई. हॉर्न्सबी ही कंपनी १९१८ मध्ये रस्टनशी जोडली गेली, आणि रस्टन अँड हॉर्न्सबीचा भारतीय कारखाना पुढे पुण्याजवळ चिंचवड येथे इंजिने बनवू लागला; म्हणजे या घराण्याचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा नाही.

दिव्याने तापविण्याच्या या पद्धतीच्या पार्श्वभूमीवरच ‘कोल्ड स्टार्ट’ या इंग्रजी संज्ञेचा अर्थ लागतो. डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने १९२९-३० च्या सुमारास शेतीसाठी जी संथ गतीची डिझेल इंजिने बाजारात आणली त्यांच्या नावातील ‘सी. एस.’ ही अक्षरे याच संज्ञेची होत. येथे ‘कोल्ड’ म्हणजे थंड हवामान नव्हे. दिव्याने न तापविलेले, गार असलेले इंजिन. गार इंजिन दिव्यावाचून चालू होते, एवढीच त्या नावाची फुशारकी होती. तिच्यामागची युक्ती मात्र सुंदर होती. सिलिंडरच्या माथ्यावर एक लहानशी पोकळी ठेवून ती छोट्या चाकाने बंद-उघड करता येई. चालू करताना पोकळी बंद करावयाची, म्हणजे हवा अधिक दाबली जाऊन अधिक तापते. इंजिन तापून भार घेऊ लागले की ती उघडावयाची. कालांतराने ‘कोल्ड स्टार्ट’ या शब्दाचा अर्थ हवामानाकडे सरकला आणि आज तो बहुधा त्याच अर्थाने वापरला जातो. शब्दाने अर्थ बदलला म्हणून यंत्राने कारण बदलले असे होत नाही, ही गोष्ट अनुवादकांनी ध्यानात ठेवावयास हवी. लिस्टरच्या या नमुन्याच्या नकला पुढे राजकोट येथे मोठ्या संख्येने होऊ लागल्या.

महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने बनविली. भारतीय बनावटीच्या अगदी आरंभीच्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते. १९४६ मध्ये पुणे येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. विहिरीवरची मोट हटून तेथे इंजिन बसण्याची प्रक्रिया या राजकीय स्थित्यंतरांच्या आगेमागे घडली. मोटेची धाव आणि थारोळे यांचे अवशेष जुन्या विहिरींच्या काठी अजूनही दिसतात. बैलास हँडल मारावे लागत नाही, हे खरे. पण पौषातल्या पहाटे बैलही धावेवर सहजासहजी उतरत नाही, हेही मोट हाकणाऱ्यांस ठाऊक होते.

या इंजिनांपैकी किर्लोस्करचे ‘ए. व्ही. १’ हे पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरी इंजिन नमुन्यादाखल घेता येईल. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, गती मिनिटास १५०० फेरे, आणि हवेच्या दाबाचे गुणोत्तर १६.५ ला १. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हेच इंजिन पिढ्यान् पिढ्या तपासले गेले असल्याने त्याचे आकडे सुपरिचित आहेत. ते तापविण्यासाठी दिवा नाही, विजेचा तापक नाही, बॅटरी नाही. आहे ते एक हँडल, एक जड चक्र, आणि झडप उघडी धरून ठेवणारी एक लहान दांडी. दांडी उचलली की हवा कोंडत नाही व चक्र हलके फिरते. हँडलाने त्यास पुरेसा वेग दिल्यावर दांडी सोडावयाची. चक्रात साठलेला जोर दट्ट्यास दाबाच्या धावेतून पार नेतो, हवा तापते, इंधन पेटते.

‘गार’ आणि ‘थंडी’ यांतील भेद या इंजिनावर आकड्यांनी पडताळता येतो. वायूच्या नियमानुसार, चक्र वेगाने फिरत आहे व उष्णतेची गळती थोडी आहे असे धरून (घातांक १.३५), २७ अंशांची हवा १६.५ पट दाबली असता तिचे तापमान सुमारे ५२७ अंशांस जाते. तीच हवा पौषातल्या पहाटेची ८ अंशांची असेल तर सुमारे ४७६ अंश. म्हणजे ऋतूमुळे पडलेले अंतर ५० अंशांचे. आता हवा २७ अंशांचीच ठेवून चक्र हळू फिरले असे समजू. दाबाची क्रिया लांबते, तेवढ्या वेळात गार सिलिंडरच्या भिंती हवेतील उष्णता शोषून घेतात, दट्ट्याच्या कड्यांमधून हवाही निसटते. घातांक १.२५ धरला तर तापमान सुमारे ३३२ अंशांवरच थांबते. येथे अंतर दोनशे अंशांच्या जवळ जाते. डिझेल आपोआप पेटण्याचे तापमान २१० ते २५० अंशांच्या दरम्यान सांगितले जाते. परंतु ते सावकाश पेटण्याचे होय. फवारणीनंतर क्षणाच्या अल्पांशात पेटावयाचे तर हवा त्याहून पुष्कळ तप्त हवी. तेव्हा वेरूळच्या पहाटे इंजिन हटून बसते त्याचा मुख्य दोष हवेच्या थंडीकडे जात नाही. तो गार धातूकडे व मंद फिरणाऱ्या हाताकडे जातो. ‘आज थंडी फार आहे’ यापेक्षा ‘इंजिन गार आहे’ हे वाक्य शास्त्रदृष्ट्या अधिक अचूक ठरते.

या निदानास अनुसरूनच शेतावरचे उपाय होते. हवेच्या वाटेत वंगणाचे चार थेंब सोडले की कड्यांच्या फटी भरतात आणि हवा निसटत नाही. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या कवचात गरम पाणी ओतले की धातूचा गारपणा कमी होतो. चूल पेटलेली नसली तरी वेरूळच्या शेतात आणखी एक उष्णतेचा साठा हाताशी असतोच : विहीर. खोल विहिरीच्या पाण्याचे तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास राहते, व या भागात ती सरासरी पंचवीस अंशांच्या आगेमागे आहे. हवा ८ अंशांवर असताना नुकत्याच शेंदलेल्या पाण्यावर वाफ दिसते ती यामुळेच. लेण्यांच्या खोल दालनांत हिवाळ्याच्या पहाटे जाणवणारी ऊबही याच जातीची. दोन-तीन बादल्या असे पाणी इंजिनात फिरविले तर लोखंड हवेपेक्षा बरेच उबदार होते आणि त्यासाठी काडीही ओढावी लागत नाही.

या सौम्य हिवाळ्याची दुसरी बाजू मात्र इतिहासकारांनी नजरेआड केलेली आहे. हवामान कठोर असते तर कारखानदारांस विजेचा तापक किंवा बॅटरीवरील स्टार्टर या लहान इंजिनांना देणे भाग पडले असते. येथे हाताने काम भागत होते, म्हणून ते हातावरच राहिले. इंजिन स्वस्त झाले, आणि उरलेली किंमत शेतगड्याच्या दंडाने व मनगटाने भरली. हँडल वेळेवर निसटले नाही वा दट्ट्या उलट फिरला तर हँडलाचा तडाखा बसतो. पेट्रोल मोटारींच्या आरंभकाळात अशा तडाख्याने मनगटाजवळच्या हाडास होणारी इजा इतकी सामान्य होती की अस्थिशल्यशास्त्रात तिला मोटारचालकाचेच नाव पडले. अंगठा हँडलाभोवती न वळविता बोटांच्याच बाजूस ठेवावा, ही सूचना त्या अनुभवातून आली. धोतराचा सोगा किंवा पदर चक्रात वा पट्ट्यात जाण्याचा धोका वेगळाच. अंधार, दव, आणि पाण्याची पाळी चुकण्याची घाई अशा स्थितीत हे काम होत असे, याचा विसर पडू नये.

मराठीत या कृतीस ‘हँडल मारणे’ असे नाव पडले. क्रियापद लक्षणीय आहे. फिरविणे ही यंत्राची गती झाली. मारणे हा माणसाने दिलेला जोर. पुढे सेल्फ-स्टार्टर आला, त्यातील ‘सेल्फ’चे ‘सेल’ झाले, आणि केवळ किल्ली वळवावयाची असूनही लोक ‘सेल मारू’ लागले. (येथील सेल बॅटरीतला नव्हे, उच्चारसाम्याने तसा समज होतो इतकेच.) शब्दांच्या बाबतीत इंधनाचाही मासला पाहण्याजोगा आहे. रॉकेल हे ‘रॉक ऑइल’चे, घासलेट हे ‘गॅसलाइट’चे रूप; म्हणजे एकाच पदार्थास खडकावरून एक आणि दिव्यावरून एक अशी दोन नावे मिळाली. डिझेलला मात्र माणसाचे आडनाव मिळाले व ते तसेच राहिले.

आता ट्रकाकडे वळू. येथे ‘गारठणे’ या दुसऱ्या अवस्थेचा संबंध येतो. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे डिझेल ट्रक बनविण्यास आरंभ केला. त्या आरंभीच्या इंजिनांत इंधन प्रथम एका लहान पूर्वकक्षात फवारले जाई. प्रोस्पर लोरांज याने १९०९ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना इंजिनास शांत व इंधनाबाबत सोशिक करते. पण पूर्वकक्षाच्या भिंती हवेची उष्णता अधिक शोषतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरात विजेने लाल होणारा तापक, म्हणजे ग्लो प्लग, असावा लागतो. चालकापुढील फळीवर त्याच प्रवाहाने तापणारी एक तार असे. ती लाल दिसली म्हणजे तापक तयार झाला असे समजावयाचे. मद्रासकडील लेलँड जातीच्या इंजिनांत फवारणी थेट सिलिंडरात होई, त्यामुळे त्यांना या तापकाची गरज नसे. टाटांची इंजिनेही पुढे थेट फवारणीचीच झाली.

सहा सिलिंडरांचे इंजिन हाताने वेगात फिरविणे जवळजवळ अशक्य. सारा भार बॅटरीवर. आणि थंडीत एकाच वेळी दोन गोष्टी गारठतात. ऑइलपात्रातील वंगण घट्ट होऊन इंजिन जड होते, व त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावून तिचा जोर घटतो. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. ‘चाळीस नंबरचे’ एकेरी ऑइल वापरण्याच्या काळात ८-१० अंशांवरही हा परिणाम जाणवण्याजोगा होता. बहुश्रेणी ऑइले रुळल्यावर तो पुष्कळ कमी झाला. रात्रीच्या मुक्कामी ट्रक उतारास तोंड करून उभा करण्याची चालकांची सवय याच अनुभवातून आलेली आहे. बॅटरीने हात टेकले तर उतार उरतो. दौलताबाद-खुलताबादच्या चढउतारांच्या वाटेवर अशा जागांची वाण नव्हती. जेथे उतार नसे तेथे पहाटेच्या या खटपटीचा मोठा वाटा क्लीनरच्या वाट्यास येई. ट्रकाच्या इतिहासात त्याचे नाव कोठे लिहिलेले सापडत नाही.

गारठ्यावरील खरा उपाय म्हणजे वंगण तापविणे किंवा बॅटरी जपणे. १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात जर्मन सैन्यास गाड्यांखाली शेकोट्या पेटवाव्या लागल्या, वा इंजिने रात्रभर चालू ठेवून इंधन जाळावे लागले. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनास बॅटरीखेरीज दाबलेल्या हवेच्या बाटल्यांनीही चालू करण्याची सोय होती. ईथरची फवारणी हा तिसरा मार्ग. ईथर १६० अंशांच्या आसपास आपोआप पेटते, म्हणून अपुऱ्या तापलेल्या हवेतही भडका होतो. परंतु ज्या इंजिनात ग्लो प्लग लाल झालेला आहे त्यात ईथर सोडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण. गार इंजिनाचा उपाय तापलेल्या इंजिनावर केल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी अवस्था थिजण्याची, आणि ती इंजिनाची नसून इंधनाची आहे. डिझेलमध्ये मेणाच्या जातीचे घटक विरघळलेले असतात. तापमान उतरले की ते स्फटिकरूपाने वेगळे होतात. प्रथम डिझेल धुरकट दिसते, मग ते स्फटिक फिल्टरच्या बारीक जाळीत अडकून वाट बंद करतात, आणि अखेर सारे डिझेल वाहणेच थांबते. वृत्तपत्रे यास ‘डिझेल गोठले’ म्हणतात. पाणी ठराविक अंशावर गोठते; डिझेल तसे करीत नाही. पौषात खोबरेल बाटलीत जसे आधी गढूळ व मग पांढरे होते तसे ते थिजते, आणि थिजण्याचा बिंदू डिझेलच्या घडणीवर अवलंबून असतो. बॅटरी कितीही ताजी असली, हात कितीही बलवान असला तरी थिजलेल्या डिझेलपुढे दोन्ही व्यर्थ. अशा वेळी सेल मारीत राहिल्याने बॅटरी मात्र संपते.

लडाखमध्ये हा प्रश्न तीव्र आहे. तेथे सैन्याच्या व नागरी वाहतुकीच्या गाड्यांवर चालक म्हणून गेलेल्या मराठी माणसांस गावाकडील अनुभव या बाबतीत उपयोगी पडणारा नव्हता. वेरूळच्या गार इंजिनाची विद्या तेथल्या थिजलेल्या टाकीस लागू होत नाही. टाकीखाली व इंधनाच्या नळ्यांखाली विस्तव धरणे, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे, असे उपाय तेथे चालत आले. रॉकेलाने मेणाचे प्रमाण विरळ होते हे खरे, पण फवारणीच्या पंपास जे वंगण डिझेलकडून मिळते तेही विरळ होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. म्हणजे उपाय अखेर इंधनातच करावा लागला.

यावरून थिजणे वेरूळास अगदीच परके आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. भारतीय मानक संस्थेच्या डिझेलविषयक मानकात, आय. एस. १४६० मध्ये, फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश अशी दिलेली आहे. येथे हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने, व उरलेले सारे वर्ष उन्हाळ्यात गणले जाते. प्रत्यक्ष विकले जाणारे डिझेल या मर्यादेहून पुष्कळदा बरे असते. तरीही सप्टेंबरात भरून शेतावर ठेवलेले पिंप कायद्याने ‘उन्हाळी’ असते, आणि ते पौषातल्या ७-८ अंशांच्या पहाटे वापरावयास काढले तर फिल्टर तुंबण्याची शक्यता मानकानेच मोकळी ठेवलेली आहे. अशा सकाळी हँडल कितीही मारले, वंगणाचे थेंब सोडले, विहिरीचे कोमट पाणी इंजिनात फिरविले, तरी नोझलपर्यंत डिझेल पोचतच नाही. निदान सोपे आहे : फिल्टरची काच असेल तर तीत पाहावे, नसेल तर पिंपातील थोडे डिझेल बाटलीत घेऊन उजेडास धरावे, ते धुरकट दिसले तर पिंप उन्हात ठेवून दहा वाजेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही. पाण्याची पाळी तेवढ्यात पुढच्याकडे गेलेली असते.